निक फाल्डोची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निक फाल्डो कोण, आणि त्याच्याबद्दल एवढं का बोललं जातं?

इंग्लंडचा व्यावसायिक गोल्फपटू. जन्म १८ जुलै १९५७, लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायरमधल्या वेल्विन गार्डन सिटीत. त्याच्या नावावर सहा मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) आहेत: ब्रिटिश ओपन तीनदा (१९८७, १९९०, १९९२) आणि ऑगस्टाची मास्टर्स तीनदा (१९८९, १९९०, १९९६). सात मेजर जिंकलेला हॅरी व्हार्डन जर्सी बेटावरचा. खुद्द इंग्लंडमध्ये जन्मलेल्या कुणाकडेही फाल्डोइतक्या मेजर नाहीत. त्याच्या मागे जे. एच. टेलर, पाच. जागतिक क्रमवारीत फाल्डो सप्टेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा अव्वल ठरला आणि एकूण ९७ आठवडे त्या जागी राहिला.

पण त्याच्याबद्दल बोललं जातं ते आकड्यांपेक्षा एका निर्णयामुळे. युरोपात पहिल्या क्रमांकावर पोचलेल्या या माणसाने १९८५ मध्ये, अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर, स्वतःचा जिंकणारा स्विंग (फटका मारण्याची सगळी हालचाल) मोडला आणि पायापासून पुन्हा बांधला. सहाच्या सहा मेजर त्यानंतरच्या आहेत.

गोल्फ फारसा माहीत नाही. वाचायला किती कळलं तर पुरे?

थोडंच. प्रत्येक होल (सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंतचा एक टप्पा) किती फटक्यांत पूर्ण व्हावा याचा ठरलेला आकडा म्हणजे पार. एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी तर ईगल. एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. अठरा होलची एक फेरी, अशा चार फेऱ्या, गुरुवार ते रविवार. सगळ्यात कमी फटके ज्याचे, तो जिंकला. वर्षाच्या चार मोठ्या स्पर्धा म्हणजे मेजर: मास्टर्स, यूएस ओपन, पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटिश ओपन. यांतली मास्टर्स तेवढी दर वर्षी एकाच मैदानावर, जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनलवर होते.

त्याची सुरुवात कशी झाली?

उशिरा. १९७१ ची मास्टर्स टीव्हीवर पाहताना जॅक निकलॉसचा खेळ तेरा वर्षांच्या निकच्या डोळ्यांत भरला. तोवर तो पोहायचा, सायकल चालवायचा. गोल्फची काठी हातात घेतलेली नव्हती. मग वेल्विन गार्डन सिटी गोल्फ क्लबमध्ये इयान कॉनेलीकडे शिकवणी सुरू झाली. चार वर्षांत, १९७५ मध्ये, तो इंग्लिश अमॅच्युअर स्पर्धेचा विजेता होता. ह्यूस्टन विद्यापीठात शिकायला गेला, पण काही आठवड्यांतच परतला आणि १९७६ मध्ये व्यावसायिक झाला.

१९७७ मध्ये युरोपियन टूरवरचा (युरोपातली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) पहिला विजय आला आणि वयाच्या विसाव्या वर्षी अमेरिकेविरुद्धच्या रायडर कप या सांघिक स्पर्धेच्या संघात जागा मिळाली. रॉयल लिदम अँड सेंट ॲन्सवर त्याने तीन सामने खेळले आणि तिन्ही जिंकले. एका जोडी-सामन्यात समोर निकलॉस होता आणि सिंगल्समध्ये त्या वर्षीचा ब्रिटिश ओपन विजेता टॉम वॉटसन.

१९८३ मध्ये तो युरोपात पहिला होता. मग स्विंग बदलायचं कारण काय?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्या मोसमात त्याने युरोपात पाच स्पर्धा जिंकल्या. १९८४ मध्ये हार्बर टाउनला अमेरिकन टूरवरचाही पहिला विजय मिळाला. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. बिघाड दिसायचा तो मेजरच्या शेवटच्या दिवशी, अखेरच्या काही होलांवर. ब्रिटिश टॅब्लॉइड वृत्तपत्रांनी त्याच्या नावाची मोडतोड करून 'फोल्डो' केलं, म्हणजे ऐन वेळी गुडघे टेकणारा.

वृत्तपत्रांना तो मनाचा कमकुवतपणा वाटला. फाल्डोचं निदान वेगळं होतं. दोष स्विंगमध्ये आहे आणि दडपण आलं की तो उघडा पडतो, असं त्याला वाटत होतं. आमच्या मते त्याचंच खरं होतं.

जुन्या स्विंगमध्ये नेमका काय दोष होता?

फाल्डो सव्वासहा फूट उंच. उंच माणसाचा क्लब (गोल्फची काठी) सहजच उभ्या चढणीने वर जातो, त्याचाही जायचा. खाली येताना गुडघे आणि कंबर लक्ष्याच्या दिशेने घसरायची, धड मागे राहायचं आणि फटका संपताना पाठीची कमान होऊन शरीराचा आकार उलट्या सी अक्षरासारखा दिसायचा. सत्तरच्या दशकात ही ढब सर्रास होती आणि दिसायला देखणीही होती.

तिचे तोटे दोन. पहिला, चेंडू उंच जायचा आणि त्यावर फिरकी जास्त बसायची. समुद्रकाठच्या लिंक्स मैदानावर वारा असा चेंडू उचलून कुठेही टाकतो, आणि ब्रिटिश ओपन तर लिंक्सवरच होते. दुसरा तोटा जास्त गंभीर. पाय एवढे पुढे घसरले की क्लबचं तोंड चेंडूवर सरळ आणायचं सगळं काम मनगटांवर पडतं. एरवी ते जमून जातं. रविवारी संध्याकाळी, हृदय जोरात धडधडत असताना, मनगटं क्षणभर लवकर किंवा उशिरा वळतात आणि चेंडू डावीकडे नाहीतर उजवीकडे जातो.

प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरने काय काय बदललं?

सगळं एकदम नाही, एकेक करून. १९८५ मध्ये फाल्डोने स्वतःला पूर्णपणे त्याच्या हवाली केलं.

आधी क्लब मागे नेण्याची सुरुवात: डावा हात थोडा वळवत मनगटं लवकर मोडायची (वाकवायची), म्हणजे क्लब उभा न जाता शरीराभोवती फिरतो. मग वरचं वळण: खांदे पूर्ण वळायचे, पण कंबर आणि गुडघ्यांनी त्याला विरोध करायचा, म्हणजे पीळ धडात साठतो. त्यानंतर खाली येणं: पायांची घसरण थांबवायची, हात छातीसमोर ठेवायचे आणि धड फिरवून फटका मारायचा. शेवटी उभं राहणं: पाठीची कमान न करता, डाव्या पायावर सरळ तोल.

सूत्र एकच. छोट्या स्नायूंच्या हातातलं काम काढून मोठ्या स्नायूंना द्यायचं. मोठे स्नायू घाबरल्यावरही फारसे चुकत नाहीत. चेंडू खालून आणि एकसारख्या अंतराने जाऊ लागला, लांबीच्या आधी त्याने नेम निवडला.

याला दोन वर्षं का लागली?

स्विंगचा एक भाग बदलला की उरलेले भाग जुन्याच हिशेबाने चालत राहतात. चढण सपाट झाली, पण पाय अजून घसरताहेत, असा मधला काळ येतो. त्यात चेंडू दोन्ही बाजूंना जातो, म्हणजे पूर्वीपेक्षाही वाईट. बहुतेक खेळाडू इथेच घाबरून मागे फिरतात. फाल्डो फ्लोरिडाच्या उन्हात दिवसाला शेकडो चेंडू मारत राहिला. सुरुवातीला नवी हालचाल फक्त रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, साधायची. स्पर्धेचं स्कोअरकार्ड खिशात असलं की शरीर जुन्या सवयीकडे पळायचं.

१९८५ आणि १९८६ ही दोन्ही वर्षं विजयाविना गेली. १९८५ च्या रायडर कपमध्ये युरोप जिंकला, पण फाल्डो दोन सामने खेळून दोन्ही हरला. एप्रिल १९८७ मध्ये मास्टर्सचं निमंत्रणही आलं नाही. त्याच आठवड्यात तो मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गला एका छोट्या स्पर्धेत खेळला. चार फेऱ्यांचे आकडे: ६७, ६७, ६७, ६७. एका फटक्याने दुसरा आला. आम्हाला हा आठवडा त्याच्या काही विजयांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण नवा स्विंग चार दिवस सलग टिकतो हे तिथे कागदावर उतरलं. पुढच्याच महिन्यात त्याने स्पॅनिश ओपन जिंकली.

१९८७ च्या ब्रिटिश ओपनमध्ये अठरापैकी अठरा पार, हे खरं आहे का?

खरं आहे. स्कॉटलंडमधलं म्युअरफील्ड, शेवटचा दिवस, रिमझिम आणि धुकं. फाल्डोच्या कार्डावर एकही बर्डी नाही, एकही बोगी नाही. ६८, ६९, ७१, ७१, एकूण २७९.

ही फेरी कंटाळवाणी होती असा समज आहे. तो चुकीचा आहे. अठरा पार म्हणजे अठरा वेळा ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) पोचून दोन पट (चेंडू भोकाकडे घरंगळवणारे फटके), असं नव्हतं. चेंडू बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेला, तिथून बाहेर काढून एकाच पटात आत, अशा सुटका त्यात आहेत. दुसरीकडे अमेरिकेचा पॉल अ‍ॅझिंगर नऊ होल उरले असताना तीन फटक्यांनी पुढे होता. सतराव्यावर त्याचा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) बंकरमध्ये गेला: बोगी. अठराव्यावर दुसरा फटका ग्रीनजवळच्या बंकरमध्ये: पुन्हा बोगी. त्याआधी फाल्डोने अठराव्यावर पाच नंबरच्या आयर्नने (पातळ धातूच्या डोक्याच्या काठीने) ग्रीन गाठला होता आणि सुमारे पाच फुटांचा पारचा पट आत घातला होता. विजय एका फटक्याचा.

दोन वर्षांची मेहनत कशासाठी होती ते इथे कळतं. बर्डीचा पाऊस पाडण्यासाठी ती नव्हतीच. समोरचा चुकेपर्यंत आपण चुकायचं नाही, यासाठी होती.

मास्टर्सचे पहिले दोन विजय प्लेऑफमधले (बरोबरीनंतरच्या जादा होलमधले). ते नशिबाचे होते का?

नशीब होतं, पण तेवढंच नव्हतं. १९८९ मध्ये तिसऱ्या फेरीत ७७ झाले. फाल्डोने पटर (पट मारायची काठी) बदलला आणि रविवारी ६५ मारले, त्या दिवशीची सर्वांत चांगली फेरी. प्लेऑफच्या पहिल्या होलवर स्कॉट होकपुढे जिंकण्यासाठी जेमतेम दोन फुटांचा पट होता. तो त्याने बराच वेळ न्याहाळला आणि चुकवला. पुढच्या होलवर, अकराव्यावर, अंधारून आलेलं असताना फाल्डोने सुमारे पंचवीस फुटांवरून बर्डी केली. दोन फुटांची चूक सगळ्यांना आठवते, पंचवीस फूट कुणी आठवत नाही.

१९९० मध्ये सहा होल उरले असताना रेमंड फ्लॉइड चार फटक्यांनी पुढे होता. फाल्डोने तेराव्या, पंधराव्या आणि सोळाव्यावर बर्डी केल्या, फ्लॉइडकडून सतराव्यावर बोगी झाली. प्लेऑफमध्ये पुन्हा तेच अकरावं होल. फ्लॉइडचा चेंडू डावीकडच्या तळ्यात गेला. लागोपाठ दोन मास्टर्स त्याआधी फक्त निकलॉसने जिंकल्या होत्या.

तेव्हा मास्टर्सचा प्लेऑफ दहाव्या होलपासून सुरू व्हायचा, म्हणून अकरावं होल इतकं निर्णायक ठरलं. आता तो अठराव्यापासून सुरू होतो. जुनी चित्रफीत पाहताना हा घोळ अनेकांचा होतो.

त्याचं सर्वांत चांगलं वर्ष कोणतं?

१९९०, वाद नको. मास्टर्स जिंकली. जूनमध्ये मेडिनाच्या यूएस ओपनमध्ये एका फटक्याने प्लेऑफ हुकला. जुलैमध्ये सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपन पाच फटक्यांनी जिंकली: ६७, ६५, ६७, ७१, म्हणजे २७०, पारच्या १८ खाली. दोन फेऱ्यांनंतर तो आणि ग्रेग नॉर्मन बरोबरीत होते. शनिवारी दोघे एकत्र खेळले: फाल्डो ६७, नॉर्मन ७६. स्पर्धा तिथेच संपली. त्या वर्षी अमेरिकेच्या पीजीएचा (व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेचा) वर्षातील सर्वोत्तम खेळाडू हा मान त्याला मिळाला. अमेरिकेबाहेरच्या खेळाडूला तो पहिल्यांदाच मिळत होता.

१९९२ मध्ये तो का रडला?

हातातून गेलेली स्पर्धा परत आली म्हणून. पुन्हा म्युअरफील्ड. पहिल्या दोन फेऱ्या ६६ आणि ६४. शेवटच्या दिवशी सुरुवातीला चार फटक्यांची आघाडी. मग तेराव्या आणि चौदाव्यावर बोगी झाल्या आणि चार होल उरले असताना तो जॉन कुकच्या दोन फटके मागे पडला. पंधराव्यावर पाच नंबरच्या आयर्नने चेंडू भोकाजवळ ठेवून बर्डी, सतराव्यावर दोन पटांत बर्डी. तिकडे कुकने सतराव्यावर अगदी छोटा पट चुकवला आणि अठराव्यावर बोगी केली. एका फटक्याचा विजय, तिसरी ब्रिटिश ओपन.

१९९६ च्या मास्टर्समध्ये नॉर्मन हरला की फाल्डो जिंकला?

दोन्ही, आणि कार्ड शेजारी ठेवून पाहिलं की कळतं. शेवटच्या दिवशी सुरुवातीला नॉर्मन सहा फटक्यांनी पुढे होता आणि दोघे एकाच जोडीत खेळत होते.

पहिलं होल, नॉर्मनची बोगी: अंतर पाच. चौथ्यावर चार. पाचव्यावर फाल्डोची बोगी, त्याच्या दिवसातली एकमेव: पुन्हा पाच. सहाव्या आणि आठव्यावर फाल्डोच्या बर्डी: तीन. नवव्यावर नॉर्मनचा चेंडू ग्रीनवर पडून उतारावरून मागे घरंगळत आला: दोन. दहाव्यावर एक. अकराव्यावर बरोबरी. बाराव्यावर, दीडशेएक यार्डांच्या छोट्या होलवर, नॉर्मनचा चेंडू काठावर आपटून पाण्यात गेला, डबल बोगी; फाल्डो दोनने पुढे. पंचवीस मिनिटं उन्हात उभं राहून बर्फ वितळताना पाहावा, तसं हे दिसतं.

त्यानंतरचा क्षण आमच्या दृष्टीने फाल्डोची सगळी कारकीर्द सांगतो. तेरावं होल, पार पाच, ग्रीनसमोर ओढा. दुसऱ्या फटक्यासाठी त्याने पाच नंबरचा वुड (जाड डोक्याची, लांब फटक्याची काठी) काढला, उभा राहिला, मागे हटला, पुन्हा उभा राहिला. चेंडू उताराच्या जागेवर होता आणि वुडचा तळ तिथे नीट बसत नव्हता. शेवटी वुड परत पिशवीत आणि हातात दोन नंबरचा आयर्न, मारायला कितीतरी कठीण. चेंडू ग्रीनवर. दोन पट, बर्डी. नॉर्मननेही इथे आणि पंधराव्यावर बर्डी केली, म्हणजे तो ढेपाळून गेला होता असंही नाही. दोन्ही वेळा फाल्डोने बर्डीनेच उत्तर दिलं. सोळाव्यावर नॉर्मन पुन्हा पाण्यात.

फाल्डो ६७, नॉर्मन ७८. सहा मागून पाचने विजय. अठराव्यावर फाल्डोने नॉर्मनला मिठी मारली. एरवी कोरडा म्हणून ओळखला जाणारा हा माणूस त्या वेळी स्वतःच्या विजयाचा आनंदही करत नव्हता.

कॅडी फॅनी सुनेसनचं महत्त्व किती?

खूप. स्वीडनची ही कॅडी (काठ्यांची पिशवी सांभाळणारी साथीदार) १९९० पासून त्याच्याबरोबर होती आणि त्याच्या शेवटच्या चार मेजर तिच्या साथीने आल्या. (१९८७ आणि १९८९ मध्ये अँडी प्रॉजर.) अंतर मोजणं, वाऱ्याचा अंदाज देणं हे कॅडीचं काम असतंच, तिचं वेगळं काम म्हणजे दोन फटक्यांच्या मध्ये फाल्डोला इतर विषयांवर बोलतं ठेवणं. चार-पाच तास अखंड एकाग्र राहता येत नाही. फटक्यापुरतं आत जायचं आणि मग बाहेर यायचं.

रायडर कपमधली कामगिरी?

१९७७ ते १९९७, सलग अकरा वेळा. ४६ सामने: २३ जिंकले, १९ हरले, ४ बरोबरीत, २५ गुण. त्या वेळी सहभाग, सामने, विजय आणि गुण, हे चारही आकडे विक्रम होते. गुणांचा विक्रम पुढे २०१८ मध्ये सर्जिओ गार्सियाने मोडला.

एकच सामना पाहायचा तर १९९५, ओक हिल, कर्टिस स्ट्रेंजविरुद्ध. हाच स्ट्रेंज १९८८ च्या यूएस ओपनमध्ये अठरा होलच्या प्लेऑफमध्ये फाल्डोला हरवून गेला होता. दोन होल उरले असताना फाल्डो एका होलने मागे होता (इथे फटके नाही, जिंकलेले होल मोजतात) आणि दोन्ही जिंकला. अठराव्यावर ९३ यार्डांवरून वेजने (छोट्या, उंच फटक्याची काठी) चेंडू सुमारे चार फुटांवर आणि मग तो पट. युरोप एका गुणाने जिंकला.

२००८ मध्ये व्हालहालाला तो कर्णधार होता. युरोप १६½–११½ असा हरला. सगळं एकट्याने ठरवण्याची सवय खेळाडू म्हणून त्याची ताकद होती, बारा जणांचा संघ सांभाळताना ती उपयोगी पडली नाही.

विजयांचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे का दिसतात?

युरोपियन टूर ३० मोजते, अमेरिकेची पीजीए टूर ९. सहाही मेजर दोन्ही याद्यांत आहेत, म्हणून बेरीज करून ३९ लिहू नका. शेवटचा अमेरिकन विजय १९९७ चा, रिव्हिएराला.

त्याचा सराव आपण करू शकतो का?

एक नक्की. त्याच्याच नावाने ओळखला जातो. सात नंबरचा आयर्न घ्या, नेहमीसारखे उभे राहा (इथे उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी सांगतो आहोत). हात जागचे न हलवता फक्त मनगटं मोडून क्लबची दांडी जमिनीला समांतर उचला. ती उजव्या बाजूला, पायांच्या बोटांच्या रेषेला समांतर दिसली पाहिजे. थांबा. आता मनगटं तशीच ठेवून खांदे पूर्ण वळवा, आणि मग मारा. पहिले दहा चेंडू अर्ध्या जोराने. पन्नास-साठ यार्ड गेले तरी पुरे.

चुका दोन ठिकाणी होतात. मनगटं मोडताना दांडी अंगाच्या मागे खेचली जाते. मग चेंडू उजवीकडे ढकलला जातो. किंवा वर पोचल्यावर मनगटं आणखी मोडली जातात. मग दांडी लोंबते आणि क्लब चेंडूच्या आधी जमिनीत बसतो. आरशासमोर चेंडूशिवाय वीस वेळा करून पाहा, कुठे चुकतं ते लगेच दिसतं.

पूर्ण स्विंग मात्र त्याच्यासारखा उलगडायला घेऊ नका. त्याच्याकडे दोन वर्षं, रोजचा प्रशिक्षक आणि उन्हात उभं राहण्याचं बळ होतं.

स्पर्धा जिंकण्याखेरीज आणि त्यानंतर त्याने काय केलं?

१९९६ मध्ये तरुणांसाठी फाल्डो सिरीज सुरू केली. रोरी मॅकिलरॉय आणि यानी त्सेंग तिच्यातून पुढे आले. सीबीएस वाहिनीवर समालोचन केलं, ऑगस्ट २०२२ मध्ये ते थांबवलं. २००९ मध्ये सर ही पदवी मिळाली. २०१५ मध्ये सेंट अँड्र्यूजला तो शेवटची ब्रिटिश ओपन खेळला. कट (दोन फेऱ्यांनंतरची छाटणी) चुकणार होता, पण सतराव्यावर, रोड होलवर, बर्डी केली. मग अठराव्याच्या स्विल्कन पुलावर त्याने १९८७ चा तो पिवळा स्वेटर अंगात घातला.

एकच फेरी पूर्ण पाहायला वेळ असेल तर कोणती?

१९९६ चा रविवार, आणि पाहताना नॉर्मनकडे नाही, फाल्डोच्या पायांकडे लक्ष ठेवा. फटका मारताना ते जवळजवळ जागचे हलत नाहीत. मग १९८३ च्या आसपासची त्याची कुठलीही चित्रफीत लावा आणि तेच पाय पुन्हा पाहा.